आयनांबराची भरती आणि रडार

लघुलहरींवरून दूरदेशींचीं केंद्रें ऐकण्याचा नाद ज्यांना होता त्यांची पिढी आतां विरळ होत चालली आहे. परंतु त्या पिढींतील कोणासही विचारा. तो सांगेल कीं सूर्यास्तानंतर थोड्याच वेळानें कांहीं केंद्रांचा आवाज एकाएकीं थरथरूं लागे, जणूं वक्ता पाण्यांत बुडून बोलत आहे. घरचीं माणसें यंत्राला दोष देत. यंत्राचा दोष बहुधा नसेच. तो असे आपल्या डोक्यावर तीनशें-चारशें किलोमीटर उंचीवर, आणि त्याचीच हकीकत आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळें वरच्या विरळ हवेंतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या व मागें राहिलेल्या धन आयनांच्या मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात, आणि तें ज्या प्रदेशांत असतें त्यास आयनांबर. आमच्या वेळच्या शाळांतून त्याचें वर्णन रेडिओलहरी परतविणारें एक छत असें करीत. मुलांना समजावयास तें सोपें खरें. परंतु हें छत एका जागीं राहत नाहीं. तें वरखालीं होतें, पूर्वपश्चिम वाहतें, आणि चुंबकीय विषुववृत्तावर तर त्याची चाल सर्वांत चमत्कारिक आहे.

चुंबकीय विषुववृत्त म्हणजे नकाशावरील विषुववृत्त नव्हे. ज्या रेषेवर मोकळी टांगलेली चुंबकसूची अगदीं आडवी राहते, तिचें कोणतेंही टोंक खालीं झुकत नाहीं, ती ही रेषा. ती भारताच्या दक्षिण टोंकावरून जाते. 1963 सालीं पहिला अग्निबाण सोडण्यासाठीं केरळांतील थुंबा हें कोळ्यांचें गांव निवडलें गेलें तें यामुळेंच. तीच रेषा दक्षिण अमेरिकेंत पेरू देशावरून जाते. तेथें लिमा या राजधानीच्या पूर्वेस, उजाड डोंगरांनीं वेढलेल्या एका कोरड्या दरींत, हिकामार्का नांवाची वेधशाळा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें ती 1960 नंतर उभारली व 1969 मध्यें पेरूच्या भूभौतिक संस्थेच्या स्वाधीन केली. सुमारें तीनशें मीटर लांब व तितकेंच रुंद असें मैदान, आणि त्यावर ओळीनें मांडलेलीं 18,432 लहान एरियलें, असें तिचें स्वरूप आहे.

एवढा पसारा कशासाठीं? सामान्य रडार विमानाचा शोध घेतें तेव्हां धातूचा मोठा पत्रा समोर असतो. येथें प्रतिध्वनि द्यावयाचा तो एकेकट्या इलेक्ट्रॉनानें. 1958 मध्यें कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम गॉर्डन यांनीं गणित करून दाखविलें कीं असा प्रतिध्वनि अत्यंत क्षीण असला तरी ऐकूं यावयास हवा. आणि त्याच वर्षीं केनेथ बोल्स यांनीं इलिनॉय संस्थानांत तो प्रत्यक्ष ऐकला. हिकामार्का ही बोल्स यांचीच पुढची कृति. तेथून दहा लक्ष वॅटहून अधिक शक्तीचे ठोके आकाशांत सोडतात व तीनशें किलोमीटरवरून परत येणारी कुजबुज दोन सहस्रांश सेकंदांनीं टिपतात.

कुजबुज ऐकूं आली म्हणजे वेग कळला असें मात्र नाहीं. रेल्वेगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हां स्वर चढा लागतो आणि दूर जातांना उतरतो, हें आपण जाणतां. तोच नियम येथें. परंतु दिवसा हा प्लाझ्मा वर चढतो तो सेकंदाला अवघा वीस-पंचवीस मीटर. रडारची लहर सहा मीटर लांबीची, म्हणजे कंपनें सेकंदाला पांच कोटि. त्यांत पडणारा फरक होतो जेमतेम आठ कंपनांचा! पांच कोटींत आठ. शिवाय इलेक्ट्रॉनांची स्वतःची धांवपळ अशी कीं हा सूक्ष्म फरक त्या गोंधळांत सहज हरवावा. रडारचा झोत चुंबकीय रेषांशीं अगदीं काटकोनांत रोखला तर मात्र तो गोंधळ शमतो, कारण इलेक्ट्रॉन त्या रेषांना बांधलेले असतात व त्यांना आडवे धांवूं शकत नाहींत. विषुववृत्तावर चुंबकीय रेषा आडव्या, म्हणून झोत जवळजवळ सरळ माथ्यावर रोखतां येतो. पेरूचे शास्त्रज्ञ रोनाल्ड वुडमन यांनीं ही संधि साधली. लागोपाठच्या दोन ठोक्यांच्या प्रतिध्वनींत लहर किती अंश पुढें-मागें झाली हें मोजून त्यांनीं वेग काढला, आणि 1970 मध्यें आपलीं मापनें प्रसिद्ध केलीं. मला तरी हें काम अग्निबाणाहून अधिक विस्मयकारक वाटतें.

आतां प्लाझ्मा वर चढतो कां? शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवरचे वारे विद्युद्वाहक हवेला चुंबकीय क्षेत्रांतून ओढून नेतात. जनित्रांत जें घडतें तेंच तेथें घडतें. त्यांतून दिवसा पूर्वेकडे रोखलेलें विद्युत्क्षेत्र निर्माण होतें. तें किती प्रबळ म्हणाल, तर बॅटरीच्या एका घटाचा दीड व्होल्ट तीन किलोमीटरवर पसरावा इतकें. चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे, विद्युत्क्षेत्र पूर्वेकडे; या दोहोंच्या मेळानें धन आणि ऋण दोन्ही कण एकाच दिशेनें, म्हणजे वर, सरकतात. वर गेलेला प्लाझ्मा मग चुंबकीय रेषांवरून कारंज्याप्रमाणें उत्तरेस व दक्षिणेस उतरतो. रात्रीं क्षेत्र उलटतें व थर खालीं येऊं लागतो.

परंतु उलटण्यापूर्वीं एक गोष्ट घडते. सूर्य मावळतांच खालचा थर लवकर विरतो, वरचा टिकून राहतो, आणि कित्येक सायंकाळीं थोडा वेळ विद्युत्क्षेत्र उलट वाढतेंच. थर झपाट्यानें उचलला जातो. वेग सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरपर्यंतही जातो. आतां दाट प्लाझ्मा वर व जवळजवळ रिकामी हवा खालीं, अशी स्थिति होते. तेलावर पाणी ठेवून पाहा. तें तसें राहील काय? खालचें विरळ द्रव्य बुडबुड्यांच्या रूपानें दाट थर भेदून वर धांवतें, कधीं हजार किलोमीटरच्याही पलीकडे. 1976 मध्यें वुडमन व ला ओस यांनीं रडारवरून काढलेलीं चित्रें प्रसिद्ध झालीं. त्यांत हे बुडबुडे धुराच्या लोटांसारखे उठलेले दिसतात. लघुलहरींचा तो थरथराट याच खळबळीचा.

लघुलहरी मागें पडल्या म्हणून हा प्रश्न सुटला असें कोणीं समजूं नये. दिशा दाखविणाऱ्या उपग्रहांचे संकेत याच थरांतून खालीं येतात, आणि बुडबुड्यांतून जातांना ते इतके लुकलुकतात कीं ग्राहकयंत्राच्या हातून सुटतात. उपग्रहांच्या साहाय्यानें विमानें उतरविण्यासाठीं इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनीं उभारलेल्या ‘गगन’ या व्यवस्थेपुढील मोठी अडचण आपल्या माथ्यावरचें हेंच आयनांबर आहे. थंड देशांना ती या प्रमाणांत नाहीं.

आपल्याकडेही रडार आहे. तिरुपतीजवळ गादंकी येथें 1,024 एरियलांचें, 53 मेगाहर्ट्झवर चालणारें. तें चुंबकीय विषुववृत्ताच्या थोडें उत्तरेस असल्यामुळें झोत सरळ वर न रोखतां उत्तरेकडे सुमारें चौदा अंश कलता ठेवावा लागतो. रडार नसेल तेथें एक जुनी युक्ति कामीं येते. दिवसाचें तेंच विद्युत्क्षेत्र शंभर किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे विजेचा प्रवाह चालवितें, व त्याचा परिणाम खालच्या चुंबकसूचीवर होतो. तिरुनेलवेलीच्या नोंदींतून अलिबागची नोंद वजा केली म्हणजे त्या प्रवाहाचें, आणि त्यावरून दिवसाच्या चढाचें, माप मिळतें. अलिबागची ही वेधशाळा मुंबईच्या कुलाब्याहून 1904 मध्यें हलविली गेली, कारण विजेच्या ट्रामगाड्या सूचीला स्वस्थ बसूं देणार नव्हत्या.

अमुक ऋतूंत, सूर्यावर डाग अधिक असतांना, बुडबुडे अधिक उठतात एवढें आज निश्चित सांगतां येतें. परंतु एके सायंकाळीं ते उठतात आणि दुसऱ्या दिवशीं सारी परिस्थिति तशीच दिसत असूनही उठत नाहींत. हा भेद आदल्या दुपारीं ओळखणें अद्यापि साधलेलें नाहीं, आणि विमान उतरविणाराला नेमकें तेंच हवें आहे. म्हणून सूर्यास्ताच्या आगेमागें थर किती वेगानें उचलला जातो याकडे वेध घेणारांचें सर्वांत अधिक लक्ष असतें.