न दुखणारे दुखणे



माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण मोर्च्यांत आणि कायद्याच्या जुन्या पुस्तकांत झाले. तेव्हा वैद्यकशास्त्र सांगायला मी उभा नाही. एक गाऱ्हाणे मांडायला उभा आहे.

पोट दुखले की माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात जातो. रक्तदाब दुखत नाही, तीच त्याची लबाडी. माझा वरचा आकडा 180 निघाला तेव्हा मी हसलो होतो. दोन महिने गोळ्या घेतल्या, आकडा 130 वर उतरला, म्हणून त्या सोडून दिल्या. उतरवला होता गोळीने, श्रेय घेतले मी. त्याच पावसाळ्यात डावा हात लुळा पडला. हा कागद मी उजव्या हातात का धरला आहे, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंड तपासायचे असते. स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी असते. आशाताई घरोघर कागद भरतात. योजना चांगली आहे. पण आपल्या गोंदिया-आमगावकडची विड्या वळणारी बाई हजारावर मजुरी घेते. दुपारी रांगेत उभी राहिली की तेवढ्या विड्या बुडाल्या. 1966 च्या कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार म्हटले. शिबिरे मात्र पुष्कळदा तिला कामाच्याच वेळी बोलावतात.

शिवाय भीती आहे. एक बाई मला म्हणाली, "भाऊ, सट्टेदार छाट काढतो तशीच ही तपासणी. साखर निघाली की घरचे मला छाटीत टाकतील." मी अर्धा तास बोललो. ती म्हणाली, "तुमचा हात दाखवा." दाखवला. पुढच्या आठवड्यात ती आपण होऊन आली.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे लागते. सूप मांडीवरून न उतरवणाऱ्या बाईला ही पाच मिनिटे कोण देणार? एकदा आकडा चढा निघाला म्हणून घाबरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. म्हणजे पुन्हा खाडा!

यासाठी माझी मागणी अशी, की तपासणी माल देण्याच्या वेळी सट्टेदाराच्या ओट्यावर व्हावी. तिथे बाया नाहीतरी ताटकळत बसलेल्याच असतात. गावातल्या डॉक्टरमंडळींपैकी आठवड्यातली एक संध्याकाळ कोण देईल, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. मी इथेच पायरीवर बसलेला असेन.