एका फ्रेंच क्रियापदाचा धडा



जुळे सोलापुरात उभे राहून फ्रेंच भाषेवर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे आपण विचाराल. कॉलेजाची पायरी आम्ही चढलो नाही. पण पन्नाशी उलटल्यावर एक फ्रेंच क्रियापद हौसेने शिकलो आणि त्याने आमची चांगली कानउघाडणी केली. तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

फ्रेंच कामगार संप करण्याला ‘फॅर ग्रॅव्ह’ म्हणतो. ‘फॅर’ म्हणजे करणे. ‘आम्ही संप करतो’ हे ‘नू फझों ग्रॅव्ह’. आपल्याप्रमाणेच नामाला ‘करणे’ जोडले की झाले. पाठांतराला चार दिवस पुरले. ‘ग्रॅव्ह’ उमगायला मात्र वेळ लागला.

‘ग्रॅव्ह’ म्हणजे नदीकाठची वाळवट. पॅरिसला सेन नदीच्या काठी या नावाचा चौक होता. आज तो नगरभवनाचा चौक म्हणवतो. तेथे कामाच्या शोधातले मजूर जमत. ‘ग्रॅव्हवर असणे’ म्हणजे कामाची वाट पाहात उभे राहणे. पुढे मजुरी पटली नाही म्हणून काम सोडणारेही तेथेच येऊन थांबत, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच शब्दाला संपाचा अर्थ आला. एकजुटीने काम थांबवणे हा फ्रान्समध्ये गुन्हा होता; १८६४ च्या कायद्याने तो गुन्हा राहिला नाही.

आपल्या गावात याच गोष्टीला चार नावे आहेत. तेलुगू ‘सम्मे’, कानडी ‘मुष्कर’, उर्दू ‘हडताल’ आणि मराठी ‘संप’. हडताल म्हणजे हाटाला ताळा. संप म्हणजे संपणे, अशी कोटी काही लोक करतात. पण गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकी.

फ्रेंचांनी बेकार आणि संपकरी यांना एकाच चौकात उभे केले. आम्ही युनियनवाल्यांनी मात्र दोघांत भिंत घातली. हजेरीपटावर नाव असेल तो आपला. नाक्यावर उभा असेल तो संप फोडणारा. त्याला आम्ही शिव्या दिल्या. त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे विचारले नाही. सोलापूरची जुनी गिरण १८७७ साली सुरू झाली. आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत, आणि गिरणीकामगाराचाच नातू सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभा असतो. त्याची मजुरी रोज नव्याने ठरते, आणि ती ठरवताना तो एकटा असतो.

त्याच्याजवळ जाऊन आपण उभे राहिलो नाही, तर ‘संप’ या शब्दातली एकी आपण गमावली असेच म्हणावे लागेल. पन्नाशीनंतर आम्ही शिकलो तो धडा एवढाच.