डाळीचा दाणा आणि करंगळीचं नख

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले, की मला हमखास विचारणा होते: पक्ष्यांसाठी कॅमेरा कोणता घेऊ? परवा एका तरुण मित्रानं दोन नावं सांगितली. निकॉनचा पी900, झूम 83 पट, 16 मेगापिक्सेल. आणि सोनीचा आरएक्स10 मार्क 3, झूम 25 पट, 20 मेगापिक्सेल. त्याचं मन 83 आकड्यावर बसलं होतं. मी म्हटलं, आधी सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपची, लांबी-रुंदी बघ, तीही मिलिमीटरमध्ये.

मिलिमीटरमध्ये अशासाठी, की इंचांची नावं फसवी आहेत. ‘एक इंची’ सेन्सर कुठूनही मोजा, इंचभर भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं हे नाव. सोनीच्या या कॅमेऱ्यातला एक इंची सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटर आहे, साधारण करंगळीच्या नखाएवढा. पी900 मधला जेमतेम 6.2 बाय 4.6, म्हणजे तुरीच्या डाळीचा दाणा. क्षेत्रफळात चौपट फरक!

एवढ्यानं काय बिघडतं? अंगणातल्या फरशीवर पावसाचे पहिले थेंब पडताना आठवा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारची कोरडी. सर जोरात आली की सगळ्या सारख्या भिजतात. प्रकाशही असाच कणाकणानं येतो. एका पिक्सेलवर सरासरी 100 कण पडले, तर त्यात दहाएक कणांचा चढउतार असतो, म्हणजे दहा टक्के. 10,000 पडले, तर तो एका टक्क्यावर येतो. लहान सेन्सरचे पिक्सेलही लहान, म्हणून त्यांच्या वाट्याला कण कमी येतात. फोटोत दिसणारे रवाळ ठिपके बव्हंशी या चढउताराचे असतात. ते पुसताना कॅमेरा पिसांचे बारीक धागेही पुसतो. पहाटे बोटीतून लहान सेन्सरवर घेतलेले माझे रोहित पक्षी असेच आहेत: आकार सुरेख, रंग बरा, पण पंखाच्या जागी गुलाबी मेण.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. एखादा अंधारा कोपरा शोधा, दोन्ही कॅमेऱ्यांवर आयएसओ 1600 ठेवा आणि कुणाच्या तरी केसांचा फोटो काढा. घरी संगणकावर तो पूर्ण आकारात उघडा आणि सावलीतले केस सुटे दिसतात का, ते पाहा. पडद्यावर छोटा करून बघितलात तर दोन्ही सारखेच वाटतील.

मी स्वतः मोठाच सेन्सर घेईन, कारण पक्षी हालचाल करतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. पण मित्राला एवढंही सांगितलं, की लख्ख उन्हात, पार पलीकडच्या काठावरचा पक्षी ओळखण्यापुरता टिपायचा असेल, तर पी900 चा पल्ला 2000 मिलिमीटरच्या लेन्सइतका आहे आणि सोनीचा 600 वर थांबतो. तो आता भिगवणला किती वाजता पोचतो, त्यावर ठरवणार आहे.