किल्ली कोणाच्या हाती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले याबद्दल सेक्रेटरीबाईंची मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा हळदीकुंकवाला आपण बोलतो तसेच बोलणार आहे. विषय आहे आपल्या मुलांच्या हाती आलेल्या विजेच्या स्कूटरचा.

गाडी वाईट असे मी म्हणत नाही. रात्री घरच्या प्लगला लावली की सकाळी तयार. पेट्रोलचा खर्च नाही, धूर नाही. दुपारी घरात पुरुषमाणूस नसते, विश्रामबागेकडचा क्लास लांब, त्यात कोथिंबीर आणायची राहिलेली. नववीतला मुलगा म्हणतो, "आई, पटकन जाऊन येतो," आणि आई ओले हात पुसत किल्ली काढून देते. असे घरोघरी चालले आहे. मुली मागे आहेत असेही नाही.

गेल्या भाद्रपदात मारुतीच्या देवळापुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिघे मुलगे एका गाडीवर, आणि आमच्या शेजारच्या आजी दर्शन घेऊन परतत होत्या. मागून काही येते आहे याची त्यांना चाहूलच लागली नाही. पूर्वी लूना यायची तर तिचा आवाज दोन गल्ल्या आधी कळायचा. तव्यावरची पोळी उतरवून दार उघडायलासुद्धा वेळ मिळायचा! ही गाडी मांजरासारखी येते. आजींच्या खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. आज त्या वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात.

मुलगे चांगल्या घरचे. त्यांनीच आजींना उचलले, रिक्षा आणली. त्यांच्या आया इथेच बसल्या आहेत. नावे मी घेणार नाही. पण त्यांच्यापैकी एकीने दोन महिने आजींना रोज डबा पोचवला, हे सांगितले पाहिजे. पोलिसात कोणी गेले नाही. आजी मला म्हणाल्या, "पोरांवर माझा राग नाही गं. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे म्हटले की मागे कोणी आहे असे वाटते."

त्यानंतर मी माझ्या पुतण्याकडून कायदा समजावून घेतला. तो वकिलीचे शिक्षण घेतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटारगाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती पन्नास सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला, आणि तिलाही परवाना लागतोच. सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ हमरस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी गल्लीबोळ, देवळापुढची जागा, सगळे त्यात येते.

दुकानदार सांगतो, "ताई, हिला लायसन लागत नाही." ते खरे आहे, पण फक्त लहान गाडीपुरते. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत, अशा गाडीला परवाना नको, नंबरही नको. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हिरवी पाटी आहे, म्हणजे त्या मोटारगाड्याच. काही ठिकाणी लहान गाडीच्या वेगाला घातलेला लगाम काढून देतात, ती तर सरळ बेकायदा. २०२२ साली आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती.

आता मुख्य गोष्ट ऐका. २०१९ साली कायद्यात सुधारणा झाली. अज्ञान मुलाने मोटारगाडीने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानासुद्धा नाही. "मला ठाऊक नव्हते" हे पालकाने सिद्ध करून दाखवायचे. जिने स्वतः किल्ली दिली ती काय सिद्ध करणार?

काही जणी म्हणतात, मुले ऐकत नाहीत. भगिनींनो, चार्जर घरातला, वीजबिल आपले, गाडीचे हप्ते घरातून जातात. मग ऐकत नाहीत हे मला पटत नाही. अडचण क्लासची आहे, ती मात्र खरी. त्यासाठी आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून रिक्षा लावली आहे. मुलांची कुरकुर झाली, आठवड्याने थांबली. जवळच्या कामाला सायकल आहे.

येत्या शुक्रवारी भजनानंतर याच हॉलमध्ये अर्धा तास बसायचे ठरवले आहे. ज्यांच्याकडे विजेची गाडी आहे त्यांनी तिचे कागद बरोबर आणावेत. मोटर किती वॅटची, वेग किती, हे पुतण्या पाहून सांगेल. आणि इतर गल्ल्यांतून रिक्षासाठी कोणाला नाव द्यायचे असेल तर माझ्याकडे वही आहे, ती मी आज जाताना दाराशी ठेवते.