परदेशी जाताना स्वयंपाकघरातील काय न्यावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त परदेशी जाणारे युवक-युवती व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. मी इचलकरंजीच्या बाजारपेठेतील एक साधा कापड दुकानदार. बी. कॉम. झालो आणि त्याच आठवड्यात वडिलांनी हातात मीटरपट्टी व कात्री दिली. ती आजही सुटलेली नाही. अशा माणसाने भांड्याकुंड्यांवर बोलावे, याचे काहींना हसू आले असेल. परंतु या विषयात मी व माझ्या कुटुंबाने एक चूक केली आहे आणि तिची किंमत मोजली आहे. व्यापाऱ्याने आपला तोटा लपवू नये, म्हणजे शेजारच्या दुकानदाराचा तोटा वाचतो, असे माझे वडील म्हणत. त्याच भावनेने मी आज उभा आहे.

सन २००८ मध्ये माझे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सी येथे निघाले. लग्नास जेमतेम सहा महिने झाले होते. रुखवतातील नाव घातलेली पितळी पातेली, माझ्या सासूबाईंनी पत्नीला दिलेले मोठे तपेले, पितळी कढई, मी हौसेने घेतलेला नवा कोरा मिक्सर, हे सारे बॅगांत भरण्यात आले. माणशी २३ किलोंच्या दोन बॅगा नेण्याची मुभा होती. आयुष्यभर सेंटिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या मी त्या दिवशी बॅगा नुसत्या हाताने उचलून पाहिल्या आणि ‘बसेल वजनात’ असे सांगून मोकळा झालो.

मुंबईच्या विमानतळावर एक बॅग २९ किलो भरली, दुसरी २८. दोन्हींत मिळून ११ किलो जास्त. बाकीच्या दोन बॅगांतही जागा नव्हती. रांगेतील लोकांच्या देखत बॅगा जमिनीवर उघडाव्या लागल्या. तपेले काढू नये, ती आईची आठवण आहे, असे पत्नीचे म्हणणे. मिक्सर काढू नये, त्याला पैसे मोजले आहेत, असे माझे म्हणणे. आमचा वाद चालू असताना सूनबाईंनी काही न बोलता आपली पुस्तके, दोन साड्या आणि एक लहानसे गाठोडे काढून आमच्या हाती दिले. त्या गाठोड्यात लाटणे, फोडणीची पळी, उलथने, सांडशी, मसाल्याचा डबा आणि घरातील रोजच्या मापाची एक स्टीलची वाटी होती. ते गाठोडे त्यांनी स्वतः बांधले होते. बाकीचे सामान आम्ही भरले होते. ज्यांना तेथे चूल मांडावयाची होती, त्यांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

पुढे काय झाले ते ऐका. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची. मिक्सरचे पाते संथपणे फिरे, पण चटणी काही वाटली जाईना. व्होल्टेज वाढविणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर तो जड आणि महाग. त्यापेक्षा तेथील भारतीय दुकानात मिळणारा तेथल्या विजेवर चालणारा मिक्सर घेणे परवडले. घरात काचेच्या सपाट पृष्ठभागाची विजेची शेगडी. तिच्यावर गोल बुडाची कढई एका टोकावर टेकून डुगडुगत राही आणि तापत नसे. पितळी पातेल्यांची कल्हई काही महिन्यांत उडाली. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट आमटी शिजवू नये, हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीस ठाऊक आहे. पण तेथे कल्हईवाला कोठून आणावा? अखेर ती सारी भांडी एका खोक्यात बंद झाली.

आणि एके दिवशी सूनबाईंचा फोन आला, ‘‘आई, आमटीला डाळ किती घेता?’’ पत्नीने सांगितले, ‘‘एक वाटी.’’ पलीकडून प्रश्न आला, ‘‘एक वाटी म्हणजे नेमकी कोणती वाटी?’’ पत्नी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘ती कडेला पोचा आलेली.’’ ती वाटी आमच्याच ओट्यावर पडली होती. विमानतळावरून आम्हीच ती परत आणली होती. तेथे मापाचा जो कप मिळतो तो साधारण २४० मिलिलिटरचा. आपली वाटी प्रत्येक घरी निराळी. आपल्या आया-बहिणींचे सारे पाकशास्त्र त्या एका वाटीवर उभे असते आणि आपण तिला किरकोळ भांडे समजतो. चार महिन्यांनी ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर ते गाठोडे आम्ही पाठविले.

या अनुभवातून मी जे शिकलो, ते आपल्यासमोर ठेवतो. आम्हा व्यापाऱ्यांची सवय अशी की, मालाची खाती पाडल्याशिवाय हिशेब सुचत नाही. म्हणून मी भांड्यांची तीन खाती पाडली आहेत.

पहिले खाते ‘अवश्य न्यावे’. यात तीन लिटरचा, सपाट बुडाचा स्टीलचा प्रेशर कुकर येतो. त्यासोबत त्याच कंपनीच्या व त्याच मापाच्या दोन रबरी रिंगा, एक जादा शिटी व सेफ्टी व्हॉल्व्ह घ्यावा. कुकर वर्षानुवर्षे टिकतो, रिंग टिकत नाही, आणि दुसऱ्या कंपनीची रिंग बसत नाही. कुकरमध्ये मावणारे डबे व इडलीचा स्टँड घेतल्यास एका भांड्यात तीन कामे होतात. त्यानंतर मसाल्याचा डबा, लाटणे, चिमटा, सांडशी, झारा, उलथने, फोडणीची पळी, रवी, चकलीचा सोऱ्या आणि घरातील मापाची वाटी. ही सारी हाताच्या सवयीची साधने आहेत. वजनाने थोडी आणि परक्या बाजारात मनासारखी न मिळणारी. तवा न्यावयाचा असल्यास सपाट बुडाचा न्यावा. शेगडी इंडक्शनची असेल तर भांड्याच्या बुडास लोहचुंबक लावून पाहावा. चुंबक चिकटला तर भांडे चालेल. निव्वळ ॲल्युमिनियम, तांबे वा पितळ त्यावर तापत नाही.

दुसरे खाते ‘तेथे घ्यावे’. ताटे, पेले, मोठी पातेली, सुऱ्या, चहाची किटली आणि अमेरिका वा कॅनडात जाणाऱ्यांनी विजेचे प्रत्येक उपकरण. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथील वीज आपल्याप्रमाणेच २३० व्होल्टची असल्याने आपला मिक्सर तेथे चालतो, परंतु प्लग निराळा लागतो. तेथे अनेक घरांत भांडी धुण्याचे यंत्र असते. ॲल्युमिनियम त्यात काळे पडते, लोखंड गंजते, लाकूड तडकते. अशी भांडी हातानेच घासावीत.

तिसरे खाते ‘येथेच ठेवावे’. कल्हईची भांडी, काचेची व मातीची भांडी, दगडी खलबत्ता आणि जुनी ॲल्युमिनियमची व हिंडालियमची भांडी. सन २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ व हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असा इशारा दिला. घरी लहान मुले असणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रवासाविषयी थोडेसे. विळी, सुरी, किसणी ही साधने हातातील बॅगेत ठेवू नयेत. ती मोठ्या सामानात कापडात घट्ट गुंडाळून द्यावीत. कुकरही मोठ्या सामानातच द्यावा. सन २०१३ मध्ये बोस्टन येथील मॅरेथॉनमध्ये झालेल्या स्फोटांत प्रेशर कुकर वापरले गेले होते, त्यामुळे तपासणी करणाऱ्याने चौकशी केल्यास रागावू नये. झाकण वेगळे करून, स्वच्छ व कोरडा कुकर ठेवावा. ऑस्ट्रेलियास जाणाऱ्यांनी लाकडी पोळपाट-लाटणे उतरताच अर्जात जाहीर करावे, तसा तेथील नियम आहे. वजनाची मर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते. ती तिकिटावर पाहावी आणि बॅग घरीच काट्यावर तोलावी. माझ्यासारखी हाताने तोलू नये! आणखी एक. तेथील घरांत धुराची सूचना देणारी घंटा असते. मोहरी-मिरचीची फोडणी करण्यापूर्वी पंखा लावावा व खिडकी उघडावी.

आता आपल्या आचाराशी जोडलेल्या दोन वस्तू. एक म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र. येथे मी अधिकाराने बोलू शकतो, कारण हा माझा धंदा आहे. परंपरेने हे वस्त्र ३६ अंगुळे लांब, २४ अंगुळे रुंद असावे व दुहेरी करून वापरावे, असे सांगितले आहे. त्यासाठी घट्ट विणीचे शुद्ध सुती कापड घ्यावे. पॉलिस्टर मिश्रित घेऊ नये. कापड प्रकाशासमोर धरून पाहावे. दुहेरी केल्यावर पलीकडचे ऊन आरपार दिसले तर ते विरळ आहे. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, म्हणून ते रात्रभर भिजवून, दोनदा धुऊन घ्यावे. धुतल्यावर सुती कापड आटते. तेव्हा आधी धुवावे, मग मापाने कापून कडा शिवाव्यात. अशी सहा वस्त्रे नेली तरी पाव किलोच्या आसपास वजन होते.

दुसरी वस्तू म्हणजे अन्न गरम ठेवणारा चांगला डबा. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्याला त्या दिवसांत कार्यालयातच जेवावे लागते. तेव्हा नियम टिकतो तो त्या डब्याच्या आधारावर. उन्हाळ्यात तेथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, हेही लक्षात ठेवावे.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलांबरोबर आपली हौस व आपली प्रतिष्ठा बांधून देऊ नका. नाव घातलेले तपेले घरीच राहू द्या, ती सुट्टीत येतील तेव्हा त्यात खीर करा. काय न्यावे याचा निर्णय, जो तेथे स्वयंपाक करणार आहे, त्याला करू द्या. आणि तेथे दोघेही नोकरी करणार असतील तर मुलालाही निघण्यापूर्वी कुकर लावण्यास व पोळी लाटण्यास शिकवा. ती शिदोरी वजनात धरली जात नाही.

सन २०१९ मध्ये माझ्या पत्नीचे निधन झाले. २०२२ साली मी प्रथमच मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. तळघरात ते खोके दिसले. पितळी भांडी २००८ च्या वर्तमानपत्रात जशीच्या तशी गुंडाळलेली होती. वर स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ती पोचा आलेली वाटी होती. मी ती हातात घेऊन उभा राहिलो, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, आईंची सगळी मापे हिच्यातच आहेत.’’ विमानतळावर जमिनीवर बसून मी मिक्सरसाठी वाद घातला होता, ते मला त्या क्षणी आठवले. मी त्यांची क्षमा मागितली. चौदा वर्षे उशीर झाला होता, पण मागितली.

गेल्या वर्षी माझी पुतणी शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली. तिने स्वतः यादी केली, प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून वजन लिहिले. तिची सारी भांडी मिळून सहा किलोंत बसली. मी फक्त पाणी गाळण्याची वस्त्रे शिवून दिली. बाकी काही बोललो नाही.