कुडझू वेल: तणनाशकाची निवड आणि खर्च

कुडझू ही मूळची जपान-चीनकडची शेंगवर्गीय वेल. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातून ती अमेरिकेत पोहोचली. 1930 च्या दशकात जमिनीची धूप रोखण्यासाठी तिथल्या सरकारनेच तिची लागवड वाढवली. आज अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत ती अख्खी झाडे झाकून टाकते.

तिची ताकद जमिनीखाली असते. मुळे खोल आणि पिष्टाने भरलेली असल्यामुळे नुसती पाने जाळणारे औषध वाया जाते. मुळापर्यंत उतरणारे, म्हणजे आंतरप्रवाही तणनाशकच लागते.

अशा तणनाशकांपैकी ग्लायफोसेट तुलनेने स्वस्त असते. उन्हाळा सरताना वेल अन्न मुळांकडे पाठवते, तेव्हाची फवारणी अधिक लागू पडते. मात्र ते पडेल ती हिरवी वनस्पती मारते. ट्रायक्लोपायर गवत राखते, पण रुंद पानांची झाडे त्याने दगावतात. क्लोपायरॅलिड महाग असले तरी शेंगवर्गीय वेलीवर नेमके काम करते. पाइन आणि बहुतेक मोठे वृक्ष वाचतात. पिक्लोरॅम प्रभावी असते, परंतु जमिनीत दीर्घकाळ टिकून भूजलात उतरू शकते. त्यामुळे त्याच्या वापरावर निर्बंध आहेत.

म्हणून डब्यावरची किंमत पाहून हिशेब करू नये. औषध, मजुरी, फेरफवारण्या आणि दगावलेली झाडे मिळून खरा खर्च ठरतो. मोकळ्या पडीक जमिनीवर ग्लायफोसेट परवडते, तर किमती वृक्षांखाली क्लोपायरॅलिड. जुन्या वेलीवर अनेक वर्षे फवारणी करावी लागते. एक जिवंत मूळकंद राहिला, तरी वेल पुन्हा पसरते.