आवाजाची मोजदाद



करूळ घाटातून कोकणची गाडी वर येऊ लागली की तिचे इंजिन कण्हू लागते, आणि तो सूर खाली घसरला की ड्रायव्हर गिअर बदलतो. त्याच्यापाशी ना मोजपट्टी ना घड्याळ. कान सांगतो तेवढे त्याला पुरते. गगनबावड्याच्या मंडळींना हे मी सांगावे असे नाही. मग आवाज मोजण्याची दगदग कुणी का करावी? याचे उत्तर मला शाळेत मिळाले नाही, कारण सातवीनंतर मी शाळेचे तोंड पाहिले नाही. ते मिळाले यंत्रमागाजवळ, आणि पुढे वाचनालयाच्या बाकावर.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपण ‘आवाज चढवू नका’ म्हणतो, तेव्हा ‘हळू बोला’ एवढेच आपल्या मनात असते. परंतु मोठा आवाज निराळा आणि उंच आवाज निराळा. नगारा मोठा असतो, उंच नसतो. रातकिडा मुठीत मावेल एवढा, पण त्याचा सूर भलताच उंच.

ही उंची म्हणजे काय? माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. मागाचा धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो तेव्हा सेकंदाला दोनतीन ठोके पडतात. ते एकेक करून ऐकू येतात. हेच ठोके सेकंदाला तीसचाळीस पडू लागले, तर कान मोजणे सोडून देतो. ठोके एकमेकांत मिसळतात आणि एक जाड, घरघरता सूर लागतो. वेग आणखी वाढवा, सूर चढतो. सेकंदाला किती ठोके, ती त्या सुराची कंपनसंख्या. संगीतातली मंडळी तिला आंदोलनसंख्या म्हणतात. माझा सारा जन्म आंदोलनांत गेला, पण एका सेकंदात २४० आंदोलने करणारी तार पाहिली तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले! हाइन्‍रिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून या मापाला हर्ट्‌झ म्हणतात. माणसाचा धडधाकट कान साधारण २० पासून २०,००० पर्यंत ऐकतो. पुष्कळ रातकिड्यांचा सूर चारपाच हजारांच्या आसपास असतो.

आता हे मोजायचे कसे? १८१९ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर या गृहस्थाने एक युक्ती काढली. भोके पाडलेली चकती फिरवायची आणि खालून हवा सोडायची. भोक समोर आले की हवेचा एक झोत सुटतो. भोके १२ असली आणि चकती सेकंदाला २० वेळा फिरली, तर झोत झाले २४०. चकतीचा सूर आपल्या सुराशी जुळवायचा, फेरे मोजायचे, गुणाकार करायचा, संपले काम. हे यंत्र पाण्याखालीही वाजे, म्हणून त्याने त्याला ग्रीक कथांतल्या समुद्रकन्यांचे नाव दिले : सायरन. कारखान्यांच्या भोंग्यांचा हा पूर्वज. पहाटेच्या भोंग्याला मी तरुणपणी पुष्कळ शिव्या मोजल्या आहेत; मुळात तो मोजण्याचेच साधन होता हे वाचल्यावर राग थोडा निवळला.

पण गवयाच्या गळ्यात चकती कशी बसवणार? इथे आपल्या मुलखातल्या एका उद्योगाची आठवण काढली पाहिजे. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. बावीस श्रुतींचा वाद नुसत्या पोथ्यांवर न सोडता त्यांनी तो तारेवर आणला. गायक कोण, तर मिरजेला ज्यांची समाधी आहे ते अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांचा सूर तारेवर जुळवायचा आणि तारेची लांबी मोजायची, असा तो मार्ग. १९१० साली देवलांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक निघाले.

तारेचा हिशेब सुताराला कळेल इतका सोपा आहे. ताण तोच ठेवून तार निम्मी केली की कंपने दुप्पट. ३६ इंचांच्या तारेवर २४० चा षड्ज लागत असेल, तर २४ इंचांवर ३६० चा पंचम, आणि १८ इंचांवर वरचा षड्ज, ४८०. शुद्ध गंधार ३०० चा, म्हणजे २८.८ इंचांवर. आता नेहमीची हार्मोनियम घ्या. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्यामुळे तिचा गंधार सुमारे ३०२.४ वर जातो. तारेवर हा फरक पाव इंचाहूनही किंचित कमी. एवढ्यासाठी भांडायचे? पण ३०० आणि ३०२.४ एकत्र वाजवा, सेकंदाला दोनतीनदा आवाज फुगतो नि ओसरतो; तंबोऱ्याला कान सरावलेला माणूस अस्वस्थ होतो.

या मोजमापांवरून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झडला. वाद मिटला नाही. तोच गवई दोन रागांत गंधार निराळा लावतो, तेव्हा त्याला कायमचा एका खुंटीला बांधणे मलाही पटत नाही. परंतु भांडण किती अंतराचे आहे, हे तरी इंचांत सांगता येऊ लागले. आज खिशातला मोबाईलदेखील सूर ऐकून आकडा दाखवतो.

आता मागाकडे परत येतो. मी पंचविशीत असताना आमच्या कारखान्यात एक वयस्क विणकर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. चौकडीची ‘सात’ कांडी सांगितली की ते ‘आठ’ आणत, आणि शिव्या खात. आम्ही मालकाकडे गेलो, मामांचे कान गेले म्हणून सांगितले. मालक मामांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि ओरडले, “मामाऽ!” मामांनी वळून पाहिले. मालक म्हणाले, “बघा, ऐकू येतंय की ह्यांना! उगं कशाला सोंगं काढताय?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सूर कसे मोजतात हे वाचले, तेव्हा ते सापडले. ‘मामा’ या शब्दात सगळे खालचे सूर आहेत. ‘स’, ‘श’ ही अक्षरे उंच सुरांत असतात, आणि गोंगाटाने कान जातो तो बहुधा प्रथम ४००० च्या आसपास. माणसाला हाक ऐकू येते, बोलणे कळत नाही. आम्ही वर्गणी काढून मामांना कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तिथे २५० पासून ८००० पर्यंत एकेक सूर कानात सोडून तो किती बारीक असताना ऐकू येतो हे कागदावर मांडतात. मामांची रेघ १००० पर्यंत सरळ होती, पुढे विहिरीत पडावी तशी पडली.

तो कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत पुढे घातले गेले होते खरे. पण आमच्या कारखान्यात कागदोपत्री दहापेक्षा कमी माणसे, म्हणून तो कायदाच आम्हाला लागू नाही, असे सांगण्यात आले. भरपाई मिळाली नाही. मामांना कापडाच्या घड्या घालण्याचे काम मिळाले, पगार थोडा कमी. सोंगाची भाषा मात्र त्या दिवसापासून बंद झाली.

दोन वर्षांपूर्वी मी माझाही कागद काढून घेतला. विहीर त्याच जागी आहे. काल रात्री माझा मुक्काम इथेच होता. सकाळी चहा देताना यजमान फार संकोचाने म्हणाले, “साहेब, रातकिड्यांनी झोपू दिलं नसंल तुम्हाला.” मी म्हणालो, “छे, इतकी शांत झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.”